लेसरसाठी कर्ज काढण्याआधी

गेल्या महिन्यात कळंब्यात बचत गटाची बैठक संपली, सगळ्या बाया उठून गेल्या, पण एक ताई मागे थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, पंधरा हजार कर्ज मिळंल का? पोरीचं लेसर करायचं हाय." पोरगी एकोणीस वर्षांची. हनुवटीवर राठ केस, गालांवर काळे डाग, मान काळी. बघायला आलेल्या दोन स्थळांनी नकार दिलेला. एका पार्लरमध्ये सांगितले होते, सहा वेळा मशीन फिरवले की सगळे कायमचे जाईल.

मी म्हटले, "कर्ज राहू दे. आधी पोरीला घेऊन या."

पोरगी आली. दोन प्रश्नांत खरी गोष्ट कळली. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. आणि वर्षभर ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब रोज लावत होती.

पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि वजन वाढलेले, हे एकत्र दिसले तर पीसीओएसची शंका घ्यावी. यात शरीरातली संप्रेरके बिघडतात. ती तशीच ठेवून लेसर केले, तर जुने केस जळतात आणि नवे उगवत राहतात. पैसे पाण्यात जातात. काळी जाड झालेली मान म्हणजे मळ नव्हे. दगडाने घासून ती जात नाही. पुष्कळदा ती रक्तातल्या साखरेची पूर्वसूचना असते. अशा मुलीची साखर तपासलीच पाहिजे.

आता ट्यूबबद्दल. अशा मलमांत बहुधा स्टेरॉईड असते. डब्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेले दिसले तर सावध व्हा. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या येतात आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. म्हणजे जे घालवायला लेसर हवे, तेच या ट्यूबने वाढते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. बरेच दिवस लावलेली ट्यूब एकदम बंद केली तर चेहरा भडकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवून बंद करा.

बिनानावाच्या डबीतली क्रीम तर त्याहून वाईट. अकोल्यात एकाच घरातील आई आणि मुलींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची बातमी २०२३ साली आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण निघाले गोरेपणाच्या क्रीममधला पारा.

मग लेसर वाईट आहे का? नाही. त्याचे काम समजून घ्या. लेसरचा प्रकाश काळा रंग शोधतो आणि त्याला तापवतो. केसाच्या मुळातला रंग तापला की मूळ दुबळे होते. पण आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग भरपूर असतो. चुकीचे यंत्र किंवा जास्त जोर लावला की कातडीच भाजते, फोड येतात, डाग आधीपेक्षा गडद होतात. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. साधारण सहा-आठ वेळा, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने करावे लागते. केस कमी होतात, कायमचे जातीलच असे नाही. पांढऱ्या केसांवर उपयोग होत नाही.

गालावरच्या वांगाला तर लेसर हा पहिला उपाय नव्हेच. वांग ऊन, उष्णता, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी वाढतो. लेसरने तो कधी कधी पुन्हा जोमाने येतो. कामावर जाताना डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री, डॉक्टरांनी सांगितलेले सनस्क्रीन आणि औषध, एवढ्याने बराच फरक पडतो. धीर मात्र काही महिन्यांचा हवा.

लेसर करायचेच असेल तर हे विचारा:

• करणारे एमबीबीएसनंतर त्वचारोगाची पदवी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर आहेत का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजू नका.
• आधी कातडीच्या लहानशा भागावर चाचणी घेणार का?
• डोळ्यांना झाकण देणार का?
• सगळे पैसे आधीच मागतात का? मागत असतील तर उठून या.

तोवर धागा किंवा रेझर चालतो. रेझरने केस दाट होतात ही समजूत खोटी आहे.

त्या पोरीला आम्ही सीपीआरला नेले. केसपेपर काढून त्वचारोग आणि स्त्रीरोग, दोन्ही विभागांत दाखवले. साखर काठावर निघाली. आता उपचार सुरू आहेत आणि ती रोज संध्याकाळी कळंबा तलावाकडे चालायला जाते. कर्ज काढले नाही.

आईला मी एकच गोष्ट जास्त सांगितली. पीसीओएस हा आजार आहे, त्याला औषध करू. सावळा रंग हा आजार नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे आपण नाकारले, मग कातडीच्या रंगावरून आपल्याच घरातल्या लेकीची किंमत का ठरवू द्यायची? पुढचे स्थळ रंगावरून बोलले, तर नकार आपणच द्यावा.

जयभीम.