पऱ्हाटीचा पहारा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा, नांदुरा, मलकापूरकडे पावसाची झड ओसरली की काही वावरांत पऱ्हाटीच्या पानांवर पाणी झिरपल्यासारखे कोनाकृती ठिपके उमटतात. शिरांनी आखलेल्या चौकटीतच ते राहतात. पुढे शिरा आणि फांद्या काळ्या पडतात, बोंडे सडतात. हा झँथोमोनास जिवाणूचा करपा.

गैरसमज : झाडाला प्रतिकारशक्ती नसते; वाचवते ती फवारणीच.
वस्तुस्थिती : झाडात आपल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशी नसतात, म्हणून प्रत्येक पेशी स्वतःच पहारा देते. तिच्या पृष्ठभागावरची प्रथिने जिवाणूच्या शेपटीचे तुकडे ओळखतात. हा पहारा मोडायला जिवाणू आपली प्रथिने पेशीत टोचतो. ती ओळखण्याचे काम प्रतिकारक जनुकांचे.

गैरसमज : पानावर डाग दिसला म्हणजे झाड हरले.
वस्तुस्थिती : शत्रू ओळखताच प्रतिकारक वाणाच्या बाधित पेशी आपणहून मरतात आणि जिवाणू तिथेच कोंडतो. मागे उरतो बारीक, कोरडा डाग. ओला, पसरत जाणारा डाग मात्र रोगाचा.

गैरसमज : बीटी कपाशीला करपा लागत नाही.
वस्तुस्थिती : २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतले जनुक मातीतल्या एका जिवाणूचेच, पण ते बोंडअळीसाठी. करप्याला अडवणारी ‘बी’ जनुके वेगळी. आर. एल. नाइट यांनी सुदानात त्यांवर काम केले. त्यांतली बी-४ आणि बी-६ ही आशियाई देशी कापसातून आलेली. अकोल्याचे एकेए-७ हे वाणही त्याच देशी जातीचे.

गैरसमज : वाण एकदा प्रतिकारक ठरले की कायमचे.
वस्तुस्थिती : अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि तांबेऱ्यावर दाखवले की झाडाचे एक जनुक रोगकारकाच्या एकाच जनुकाला ओळखते. जिवाणूतही तेच घडते. त्याने ओळखले जाणारे प्रथिन बदलले, की झाडाला तो दिसतच नाही. म्हणून पैदासकार एकाच वाणात अनेक जनुके गुंफतात. सुधारित सांबा मसुरी या भातात भातावरच्या जिवाणूजन्य करप्याविरुद्धची तीन आहेत.

जिवाणू सरकीतून आणि वावरात पडलेल्या पऱ्हाट्यांतून पुढच्या हंगामात येतो. आम्लाने तंतू काढलेली सरकी पेरली, पऱ्हाट्या वेळेत उपटल्या आणि पीक फेरपालटले, तर त्याची संख्या घटते. जिवाणू जितके कमी, तितकी बदललेला एखादा निपजण्याची शक्यता कमी, आणि वाणाचा पहारा तितका जास्त हंगाम टिकतो.