घरातली वेल फुलावर कशी येते

घरात ठेवलेली वेल अनेकदा वर्षानुवर्षे हिरवीगार राहते, नवी पाने धरते, खिडकीच्या गजांना वेढे घालत जाते आणि फूल मात्र एकही देत नाही. अशी वेल आजारी नसते. पाने हे तिचे कमावते अंग आहे, तर फूल हा तिचा मोठा खर्च. कमाई रोजच्या गरजेपुरतीच असेल, तर वेल जगते, वाढते, पण फुलत नाही. तिच्यापाशी शिल्लक उरू देणे आणि ऋतू बदलल्याची खूण तिच्यापर्यंत पोहोचू देणे, या दोन गोष्टींवर तिचे फुलणे अवलंबून असते.

आधी ती वेल घरात फुलणारी आहे का, हे पाहावे लागते. आपल्याकडे घरोघरी दिसणारा मनी प्लांट कितीही जोमाने वाढला तरी फुलत नाही आणि यात निगा राखणाऱ्याची काही चूक नसते. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक या वेलीत पुरेसे तयारच होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन दिले तेव्हा वेलीला फुले आली. मनी प्लांट आपोआप फुलल्याची त्याआधीची अखेरची नोंद १९६४ सालची होती.

होयाचे तसे नाही. वॅक्स प्लांट या नावानेही रोपवाटिकांत मिळणारी ही वेल कुंडीत, घरात, खिडकीशी उत्तम फुलते. लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेचे मुख्य माळी टॉमस हॉय यांच्या नावावरून रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली या प्रजातीला होया हे नाव दिले. तिच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. होया वाइटी ही त्यांतली एक आपल्या पश्चिम घाटातल्या झाडांवर वाढते. घरांत सर्वाधिक दिसणारी होया कार्नोसा मात्र मूळची दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या दक्षिणेकडील बेटांच्या परिसरातली. रुई, दोडी आणि सह्याद्रीतल्या खर्चुडी या तिच्या नात्यातल्या वनस्पती. पान किंवा देठ तुटला की होयाच्याही अंगातून पांढरा चीक येतो, तो याच नात्याने.

रानात होया बहुधा दुसऱ्या झाडाच्या खोडावर, फांदीवर चढलेली असते. तिथे माती फारशी नसते. सालीच्या भेगांत साठलेल्या पालापाचोळ्यावर तिची मुळे तगतात. पावसात भिजतात आणि लगेच सुकतात. जाड, मांसल पानांत ती पाणी साठवते आणि रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन दिवसा बाष्प वाचवते. कुंडीतल्या होयाला काय मानवते, ते या राहणीवरून कळते.

पहिली अट उजेडाची. निरोगी होया न फुलण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरा उजेड हेच असते. खोलीच्या मध्यभागी माणसाला लख्ख वाटणारा प्रकाश वेलीच्या दृष्टीने फार थोडा असतो. त्यावर ती पाने टिकवते, शिल्लक मात्र पडत नाही. पूर्वेची खिडकी तिला सर्वांत चांगली. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन अंगावर आले तरी चालते. पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा लावावा, कारण एप्रिल-मेमधले दुपारचे ऊन पाने भाजून काढते. उजेड पुरेसा आहे का, हे पाहायला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली उमटलीच नाही, किंवा जेमतेम उमटली, तर कुंडी खिडकीच्या आणखी जवळ न्यावी. सावलीतून उजेडात आणताना मात्र आठ-पंधरा दिवसांत थोडीथोडी सरकवावी.

दुसरी अट वयाची. छाटापासून वाढवलेली वेल फुलायला बहुधा दोन-तीन वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. हृदयाच्या आकाराचे एकच पान खोचलेली कुंडी पुष्कळ ठिकाणी विकली जाते. ते होया केरी या जातीचे पान. त्याला खोडाचा डोळा जोडलेला नसेल, तर मुळे फुटून ते वर्षानुवर्षे हिरवे राहते, पण त्यातून वेलच निघत नाही. मग फुलांचा प्रश्नच उरत नाही. म्हणून निदान दोन पेरी असलेला छाट घ्यावा.

तिसरी अट विश्रांतीची. होया कार्नोसाला हिवाळ्यात गारवा आणि कोरडेपणा मिळाला, तर उन्हाळ्याच्या तोंडाला ती अधिक खात्रीने फुलते. पुणे, नाशिक किंवा विदर्भातल्या थंडीत रात्रीचे तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, ते तिला मानवते. या काळात पाणी निम्म्यावर आणावे आणि खत बंद ठेवावे. पाने किंचित मऊ पडू लागली की पाणी द्यावे. मुंबई-कोकणात असा गारवा नसतो. तिथे होया पुबिकॅलिक्स किंवा होया ऑस्ट्रेलिस यांसारख्या उबदार हवेत रमणाऱ्या जाती निवडाव्यात. एरवीही दोन पाण्यांच्या मध्ये कुंडीतले मिश्रण बरेचसे सुकू द्यावे. पावसाळ्यात हवा ओलसर असते, मिश्रण लवकर सुकत नाही आणि घातलेले जास्तीचे पाणी मुळे कुजवते.

मिश्रणात माती थोडी आणि भरड माल जास्त असावा. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांची खडी आणि जोडीला थोडे कोकोपीट व गांडूळखत पुरते. कुंडी लहानच बरी. मोठ्या कुंडीतले मिश्रण ओले राहते आणि वेल आधी मुळे पसरवण्यात शक्ती घालवते. मुळे कुंडीत दाटलेली असताना होया चांगली फुलते, त्यामुळे खरोखर गरज पडेपर्यंत कुंडी बदलू नये.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले की पाने भराभर येतात आणि फुले मागे पडतात. थंडी ओसरल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी एकदा, नत्र, स्फुरद आणि पालाश समतोल असलेले विद्राव्य खत सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे द्यावे. उजेड कमी असेल, तर कोणत्याही खताने ती उणीव भरून निघत नाही.

याशिवाय कात्रीचा मोह टाळावा लागतो. होयाला हात-दीड हात लांबीचे, पाने नसलेले शेंडे फुटतात. ते वाळके समजून छाटले जातात. पण आधार शोधत निघालेले हे शेंडेच पुढे पाने आणि फुले धरतात. त्यांना दोरी किंवा तारेच्या कडीवर वळवून घ्यावे. पानाच्या बगलेतून आखूड, जाडसर देठ निघतो आणि त्याच्या टोकावर कळ्यांचा झुबका येतो. कळ्या दिसल्या की कुंडी जागची हलवू नये आणि मिश्रण अगदी कोरडे पडू देऊ नये. उजेड, उष्णता किंवा पाणी यांत एकाएकी फरक पडला तर कळ्या गळतात. कोवळ्या देठांवर मावा आणि पिठ्या ढेकूण जमतात. ते ओल्या कापसाने पुसून काढावेत आणि पुन्हा दिसल्यास कडुलिंबाच्या तेलाची सौम्य फवारणी करावी.

उमललेला झुबका चेंडूच्या अर्ध्या गोलासारखा दिसतो. होया कार्नोसाचे प्रत्येक फूल दीडएक सेंटिमीटरचे असते. मखमली लव असलेली फिकट गुलाबी पाकळ्यांची चांदणी आणि तिच्या मधोमध मेणात ओतल्यासारखी दुसरी चकचकीत चांदणी, अशी त्याची घडण असते. रुईप्रमाणेच यातले परागकण सुटे नसतात, पुंजक्यांत बांधलेले असतात. बी धरलेच, तर त्यालाही रुईच्या म्हातारीसारखे रेशमी केस असतात. सुगंध संध्याकाळनंतर वाढतो आणि मधाचे थेंब फुलातून खाली ठिबकतात, म्हणून कुंडीखाली कागद अंथरलेला बरा.

फुले सुकून गळाली तरी देठ तोडू नये. पुढचा झुबका त्याच देठाच्या टोकावर येतो. दरवर्षी जुने देठ पुन्हा फुलतात, त्यांत नव्यांची भर पडते आणि वेल जितकी जुनी होते तितकी अधिक बहरत जाते.