घाणेरीचें कुंपण

ज्या झुडपाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तें आमच्या वाचकांपैकीं बहुधा कोणासहि अपरिचित नसेल. त्यास कोणी घाणेरी म्हणतात, कोणी टणटणी म्हणतात. पान खरखरीत व चुरगाळलें असतां उग्र दर्प येणारें; दांडा चौकोनी व बहुधा कांटेरी; फुलांचे गुच्छ मात्र मोठे मोहक. एकाच गुच्छांत मध्यें पिवळीं व कडेस नारिंगी, गुलाबी किंवा तांबडीं फुलें दिसतात. कारण फूल जुनें होऊं लागलें म्हणजे त्याचा रंग पालटतो. या रूपावर भुलूनच मनुष्यानें त्यास बागेंत जागा दिली, व अनर्थास आरंभहि तेथूनच झाला.

हें झुडूप या देशाचें नव्हे. त्याचें मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. १९ व्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं व कुंपणासाठीं तें कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत आणिलें गेलें. तेथून बंगल्यांभोंवतीं, पुढें शिवारांत व अखेर रानांत त्याचा प्रवेश झाला. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें देशांतील वाघांच्या वसतिक्षेत्रापैकीं सुमारें ४० टक्के क्षेत्रांत त्याचा शिरकाव झालेला आहे.

या प्रसाराचें कारण दुहेरी आहे. पिकलेलीं काळीं फळें बुलबुल, साळुंक्या आवडीनें खातात व बीं दूरवर टाकितात. दुसरें असें कीं, झुडूप वरून तोडलें किंवा जाळलें, तरी बुडखा जिवंत राहतो व त्यास पूर्वीपेक्षां अधिक धुमारे फुटतात. त्याच्या दाट सावलीखालीं गवत व इतर झाडांचीं रोपें वाढत नाहींत. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, गवतपड म्हणून नोंदलेल्या जमिनी पाहण्याचा प्रसंग आम्हांस अनेकदां आला. तेथें गवताची काडीहि नसून घाणेरीचें रान माजलेलें असे. कागदावर गवत व जमिनीवर घाणेरी, असा तो प्रकार होता.

परंतु कुरणाच्या नाशाहून मोठें संकट गुरांवरचें आहे. या पानांत यकृतास बाधक असें विष असतें. पोटभर चारा असतां गुरें सहसा त्यास तोंड लावीत नाहींत. परंतु टंचाईंत, किंवा नव्यानें आणलेलें जनावर भुकेलें असल्यास तें खातें. मग रवंथ बंद पडतो, शेण घट्ट होतें, डोळे पिवळे दिसूं लागतात. उन्हांत उभें राहिल्यास नाकपुडीची व पांढऱ्या भागाची कातडी लाल होऊन फाटते. २०१२ सालीं पाऊस अपुरा झाला, तेव्हां आमची एक दुभती गाय गोठ्यामागच्या कुंपणावर तोंड टाकूं लागली. तिचें पोट धरलें, तें वैरण बदलल्यामुळें असेल असें समजून आम्ही दोन दिवस घरगुती औषधांत घालविले. तिसऱ्या दिवशीं पशुवैद्यांस आणिलें, परंतु गाय वांचली नाहीं. तें कुंपण आमच्याच हातचें होतें. दोष दुसऱ्या कोणास द्यावा? खाल्लेला पाला पोटांतच साचून राहतो व त्यांतून विष अंगांत भिनत जातें, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. म्हणून संशय येतांच जनावर सावलींत बांधावें व विलंब न करितां पशुवैद्यांस बोलवावें.

निवडुंगाचा जसा किड्यानें निकाल लागला, तसा हिचाहि लागेल, या आशेवर मात्र राहूं नये. १९०२ सालीं आल्बर्ट कोबेल यांनीं हवाई बेटांसाठीं मेक्सिकोंतून असे कीटक पाठविले होते. पुढें भारतांतहि तसे प्रयत्न झाले. परंतु झुडूप नाहींसें झालें नाहीं.

खात्रीचा उपाय कष्टाचा आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनीं जी रीत सांगितली, तिचें सार असें: झुडूप वरून न छाटतां, जेथें खोड संपून मूळ सुरू होतें त्या जागेखालीं, जमिनीच्या आंत, कुदळीनें मूळ तोडावें. मग झुडूप उपटून उलटें करून वाळूं द्यावें, म्हणजे तें पुन्हां जमीन धरीत नाहीं. आमच्या अनुभवें पहिल्या पावसानंतर माती मऊ असतां, फळें धरण्यापूर्वीं, हें काम सुलभ होतें. मोकळी झालेली जागा तशीच ठेवूं नये. तेथें मारवेल, पवन्या यांसारखें गवत पेरावें. पक्षी बसतात त्या झाडांखालीं रोपें पुन्हां उगवतात. तीं पुढील दोन-तीन वर्षें लहान असतांच उपटावीं. कुंपणच हवें असल्यास सागरगोटा, करवंद किंवा निरगुडी लावावी.

घाणेरीच्या काटक्या जळणास व टोपल्यांस उपयोगी पडतात, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु त्यासाठीं ती राखण्याचें कारण नाहीं, काढलेलीच पुष्कळ होईल. एकानें आपला बांध साफ करावा व शेजाऱ्यानें शोभेसाठीं झुडूप राखावें, तर पाखरें बांधाची हद्द ओळखीत नाहींत. म्हणून गांवानें एकविचारानें, निदान गायरानापुरतें, हें काम येत्या पावसाळ्यांत हातीं घ्यावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.