दुकानात बियाणं पोहोचलं, तरी सेल्सवाल्याचं टार्गेट पूर्ण का होत नाही?

मे महिना लागला की पांढरकवड्यातल्या कृषी केंद्रांवर बियाणे कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या चकरा वाढतात. कपाशीचं वर्षभराचं टार्गेट पेरणीच्या आधीच्या काही आठवड्यांत गाठायचं असतं.

स्पर्धा कशावर होते?
बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. 2025 च्या खरिपात 475 ग्रॅमच्या बीजी-2 पाकिटासाठी ती 901 रुपये होती. तंत्रज्ञान तेच, किमतीची मर्यादाही तीच. म्हणून गावातल्या बैठका, ओळखी आणि दुकानदाराला मिळणाऱ्या स्कीमवर जोर असतो.

मग अडतं कुठे?
दुकानात माल उतरला की ते फक्त ‘प्लेसमेंट’. कास्तकाराने पाकीट विकत घेतलं, तरच ‘लिक्विडेशन’, म्हणजे खरी विक्री. पाऊस लांबला किंवा कास्तकार सोयाबीनकडे वळला, तर उरलेला माल कंपनीकडे परत जातो. मेमध्ये गाठलेला आकडा हंगाम संपताना खाली येतो. शिवाय दुकानदाराकडची वसुली असतेच.

मिळतं काय?
पगारावर इन्सेंटिव्ह, प्रवास भत्ता आणि कृषी शिकलेल्या तरुणाला आपल्याच भागात नोकरी.

तुम्हाला याचं काय?
टार्गेटचा दबाव सल्ल्यातही उतरू शकतो. कीटकनाशकांच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती. पण विकणाऱ्याचा सल्ला सहायक कृषी अधिकाऱ्याकडून पडताळून घ्या, आणि पक्कं बिल व रिकामं पाकीट हंगामभर जपून ठेवा.