पात्यातलं पाणी

विळीवर कैरी चिरली आणि पातं पुसायचं राहिलं, की थोड्याच वेळात ते निळसर काळं पडतं. फोडींच्या कडांनाही तीच झाक येते. म्हणून आजी विळी चिंचेने घासायची, कोरडी करायची आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायची. तिची विळी कधी लखलखली नाही, पण कोथिंबीर तिच्यासारखी बारीक कुणाकडे चिरली जात नसे.

फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९०मध्ये घडवलेला खिशातला चाकू याच गोत्रातला. बीच लाकडाची मूठ, साधं कार्बन पोलाद आणि पातं रोखून धरणारी एक फिरती कडी. ही कडी १९५५मध्ये आली. आजही तो वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. उलट अमेरिकेत, आयडाहोतल्या बॉइझी शहरात बनणाऱ्या ‘सेबेन्झा’ या घडीच्या चाकूला चारशे डॉलरहून जास्त मोजावे लागतात. कापतात दोघंही. मग एवढे पैसे कशाचे? माझं उत्तर असं, की त्यातले बरेचसे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे असतात. त्या समजल्याशिवाय महागडा चाकू घेऊ नये.

धारेचं टोक नीट लावलेलं असेल तर एका मायक्रॉनहूनही बारीक असतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. इतक्या बारीक काठावर पोलादाच्या आतली रचना उघडी पडते. पोलादात कार्बाइड नावाचे अतिशय कठीण कण विखुरलेले असतात. झिजेला तोंड देतात ते हेच कण. पण जाडसर रव्याची पोळी पातळ लाटायला गेलं की तिच्या कडा फाटतात, मैद्याची मात्र कागदासारखी लाटता येते. धारेचंही तसंच. कण मोठे असतील तर काठ पातळ करताच ते निखळतात आणि धार करवतीसारखी दातेरी होते.

गंजाचा प्रश्न १९१३मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने सोडवला. पोलादात सुमारे बारा-तेरा टक्के क्रोमियम मिसळलं, की पृष्ठभागावर ऑक्साइडची अदृश्य साय धरते आणि आतलं लोखंड वाचतं. पण क्रोमियमला कार्बनची ओढ फार. धार टिकावी म्हणून कार्बन वाढवला की दोघांची गट्टी जमते, आणि ओतीव पोलाद सावकाश थिजताना क्रोमियम कार्बाइडचे कण मोठे होत जातात. गंज टळला, पण रवा जाड झाला.

यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. वितळलेलं पोलाद साच्यात न ओतता त्याच्या बारीक धारेवर नायट्रोजनचा जोरदार झोत सोडायचा. धारेचे थेंब-थेंब उडतात आणि क्षणात थिजतात, त्यामुळे आतल्या कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. जमलेली भुकटी डब्यात बंद करून प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत एकजीव करायची. पूर्वी दहा-वीस मायक्रॉनच्या पुढे जाणारे कण आता दोन-चार मायक्रॉनवर आले. याच पद्धतीने क्रुसिबल कंपनीने २००१मध्ये खास चाकूंसाठी ‘एस३०व्ही’ हे पोलाद आणलं. त्याच्या घडणीत सेबेन्झाचे कर्ते ख्रिस रीव्ह यांचा सल्ला होता. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि त्यांच्या चाकूचं नाव झुलू भाषेतून आलेलं. अर्थ : काम.

तरी क्रोमियमचे जाडसर कण पुरते गेले नव्हते. ते घालवले लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने. त्याचे वडील डेव्हिन थॉमस दमास्कस पोलाद घडवणारे नामवंत कारागीर, त्यामुळे भट्टी घरचीच. २०२१मध्ये आलेल्या त्याच्या ‘मॅग्नाकट’मध्ये क्रोमियम फक्त १०.७ टक्के आहे. ऐकायला कमी वाटतं, पण योग्य तापमानाला ते सगळंच्या सगळं पोलादात विरघळतं आणि गंज रोखायच्या कामी येतं. झिजेशी झुंजायला व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक, कितीतरी कठीण कण असतात. दोन कामं दोन वेगळ्या धातूंकडे सोपवली, एवढीच युक्ती. पण ती जुळवायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

कण एकसारखे का हवेत, याचा पुरावा २०२०मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. दाढीचं पातं केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी ते बोथट होतं कसं? एमआयटीच्या जॅन्लुका रोशोली आणि जेम तासान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजामत मांडली. केस तिरका वाकला आणि त्या जागी पोलादाची घडण असमान असली, की काठाचा टवका उडतो. पातं झिजतं कमी, तुटतं जास्त.

पण पोलादाच्या नावावर भुलणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय, की खरी मेख पुढे आहे. आपले लोहार म्हणतात, ‘पात्याला पाणी नीट दिलेलं नाही.’ मॅग्नाकटला पाणी देणं म्हणजे अकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापवणं, झटक्यात थंड करणं, मग शून्याच्या कितीतरी खाली, अगदी द्रव नायट्रोजनमध्येही बुडवणं आणि शेवटी पावणेदोनशे अंशांच्या आसपास पुन्हा मंद तापवणं. एखादी पायरी कच्ची राहिली, की पात्यावर नाव तेच कोरलेलं असतं पण धार वाकते. म्हणून विकत घेताना पोलादाच्या जोडीला रॉकवेल कठीणपणाचा आकडा विचारा. या पोलादात तो ६२च्या पुढे असावा. आकडा सांगायला का-कू करणाऱ्याकडून मी चाकू घेत नाही.

दिलेलं पाणी उतरतंही. मी एक चांगला चाकू एकदा सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्यांची आतषबाजी झाली आणि टोकाकडे इंद्रधनुषी निळा पट्टा उमटला. पोलादावर निळा रंग येतो तीनशे अंशांच्या आसपास. म्हणजे मंद तापवणीची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. तेवढा भाग पुढे आठवडाभरही धार धरेना.

घडीच्या चाकूत जिवाशी गाठ असते ती कुलपाची. सेबेन्झात मुठीची एक बाजूच चिरून तिची पट्टी स्प्रिंगसारखी केलेली असते. पातं उघडलं की ती मागे येऊन बसते आणि पातं बोटांवर मिटू देत नाही. मूठ टायटॅनियमची. ते पोलादाहून जवळजवळ चाळीस टक्के हलकं आणि दुप्पट लवचीक, म्हणून पट्टी वाकते आणि परत येते. दुकानात चाकू सावकाश उघडा आणि पट्टी पात्यामागे कुठवर सरकते ते पाहा. जेमतेम टेकत असेल किंवा पार पलीकडे गेली असेल, तर ठेवून द्या. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलता कामा नये. मिटल्यावर ते दोन्ही बाजूंच्या बरोबर मधोमध बसावं.

आणि काठामागची जाडी बघा. जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. कापणीच्या चाचण्यांत धारेचा कोन थोडा कमी केल्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा पोलाद बदलूनही पडत नाही. खोकी, दोरी, फळं एवढंच काम असेल तर सात-आठ सेंटीमीटरचं पातळ पातं भरपूर झालं. कायद्याचंही भान हवं : विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, आणि महाराष्ट्रात पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना तो नुसता बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

व्हॅनेडियमचे कण साध्या धारेच्या दगडाहूनही कठीण, म्हणून अशा पात्याला हिऱ्याची पट्टी लागते. मी रविवारी ती ओली करून घेतो, पातं पंधरा अंशांवर धरतो आणि हलक्या हाताने ओढतो. दहा-बारा हातांनंतर पलीकडच्या बाजूला बोटाला धातूचा केसाएवढा काठ लागतो. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. तो लागला की बाजू बदलायची, मग दाब कमी-कमी करत तो उतरवायचा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर दोन्ही बाजू फिरवायच्या. त्यानंतर कैरी. फोड पारदर्शक उतरते, कोयीजवळ सुद्धा कड तुटत नाही, आणि पातं तासाभराने पुसलं तरी पांढरंच असतं.