तळघराचा जिना : दुरुस्ती की पुनर्बांधणी?

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत धान्य व चीजवस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून तळघर बांधले जाई. अशी कित्येक तळघरे आजही वापरात आहेत. तथापि त्यांत उतरणारा लाकडी जिना बहुधा जीर्ण झालेला आढळतो. झिजलेली फळी बदलली की काम भागले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु तळघराचा जिना प्रामुख्याने खालून सडतो, ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

जमिनीतील ओल फरशीतून व भिंतीतून वर चढते. लाकडातील आर्द्रता सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते; वाळवीलाही ओल मानवते. म्हणून पागोळ्यांचे किंवा मोरीचे पाणी भिंतीलगत मुरत असल्यास प्रथम त्याचा बंदोबस्त करावा. जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडू शकते. जिन्याचे तिरपे दांडे जमिनीत न रोवता घडीव दगडावर टेकवावेत. जुना जिना उतरविण्यापूर्वी वरच्या तुळयांना टेकू देणे आवश्यक होय.

दुसरी बाब मापाची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातील पायरीची रुंदी किमान २५ सेंटिमीटर व उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर असावी. समजा, तळघराच्या फरशीपासून वरच्या जमिनीपर्यंत २२८ सेंटिमीटर उंची आहे. १९ सेंटिमीटरचे १२ चढ घेतल्यास मधल्या ११ पायऱ्यांसाठी २७५ सेंटिमीटर लांबी लागेल. तेवढी जागा सरळ रेषेत नसल्यास मध्ये सपाट टप्पा ठेवून जिना वळवावा. पायऱ्या अरुंद करू नयेत.

सर्व चढ समान असणे सर्वांत महत्त्वाचे. उतरणारा मनुष्य प्रत्येक पायरी न्याहाळत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून पायाला जो अंदाज येतो, त्यावर तो विसंबतो. जिना झाल्यावर तळाशी ५ सेंटिमीटर जाडीची नवी फरशी बसविली, तर शेवटचा चढ १९ ऐवजी १४ सेंटिमीटरचा होतो आणि नेमका तेथेच तोल जातो. यास्तव फरशी आधी पक्की करून मगच मापे घ्यावीत.

भक्कम कठडा आणि वर-खाली दोन्हीकडून लावता येणारा दिवा, एवढी जोड दिल्यास घरातील वृद्धांनाही तळघरात निर्धास्तपणे उतरता येईल.