जुना संगणक वर्तमानात येतो तेव्हा

उबुंटू लिनक्सची १९.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९मध्ये आली आणि जुलै २०२०मध्ये तिची देखभाल थांबली. दर दोन वर्षांनी येणारी दीर्घकालीन आवृत्ती सोडली, तर मधल्या आवृत्त्यांच्या वाट्याला नऊच महिने येतात. त्या दिवसांत उबुंटू घातलेला एखादा डेस्कटॉप नंतर कोपऱ्यात पडून राहिला आणि आज धूळ झटकून सुरू केला, तर तो सहसा विनातक्रार सुरू होतो. फोटो, पत्रं, हिशेब, सगळं जागच्या जागी असतं. मग आपण टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ असा हुकूम देतो आणि पडद्यावर तक्रारींची रांग लागते. ४०४, फाइल सापडली नाही. या भांडाराला आता रिलीज फाइल नाही. अमुक किल्ली उपलब्ध नाही.

बहुतेक जण इथेच हात टेकतात आणि सगळं पुसून नव्याने लिनक्स घालतात. तसं करण्यात गैर काही नाही. पण त्या ओळी नीट वाचल्या तर कळतं, की हा संगणक फॉरमॅट न करता, फायलींना धक्का न लावता, वर्षांमागून वर्षं ओलांडत आजच्या आवृत्तीपर्यंत येऊ शकतो. तो रस्ता कुणी तरी मुद्दाम उघडा ठेवला आहे, आणि मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. १९९३मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं, आणि उबुंटू त्याच डेबियनवर २००४मध्ये उभं राहिलं. दोन्हींत पॅकेज बसवण्याचं काम डीपीकेजी हा प्रोग्रॅम करतो. कुठलं पॅकेज कोणत्या भांडारातून, म्हणजे पॅकेजं साठवणाऱ्या सर्व्हरवरून, आणायचं आणि त्याच्यासोबत आणखी काय काय लागेल, हे ठरवतो ॲप्ट. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची नोंद ठेवतो. आवृत्ती कोणती, कशावर अवलंबून, कोणत्या फायली डिस्कवर ठेवल्या, सगळं साध्या मजकुरात, कुणालाही वाचता येईल असं. पडद्यावर मराठी दाखवणाऱ्या लोहित देवनागरी या फाँटची फाइल कुठून आली, असं विचारलं तर तो तत्काळ पॅकेजचं नाव सांगतो. हजारो पॅकेजं, लाखो फायली, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीचा मूळ पत्ता त्याच्यापाशी असतो.

आता ते ४०४. आवृत्तीची मुदत संपली की तिची पॅकेजं मुख्य सर्व्हरवरून हलवली जातात, पण फेकली जात नाहीत. उबुंटूचा ‘ओल्ड रिलीजेस’ नावाचा वेगळा सर्व्हर आहे आणि त्यावर २००४ची अगदी पहिली आवृत्तीसुद्धा जपलेली आहे. डेबियनचंही असं संग्रहालय आहे. शिवाय डेबियनकडे ‘स्नॅपशॉट’ नावाची सेवा आहे. २००५पासूनच्या भांडाराची तारीखवार स्थिती तिथे मिळते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती होती, ते आज उतरवून घेता येतं. तेव्हा ४०४चा अर्थ एवढाच, की संगणक जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो आहे. भांडारांचे पत्ते असलेल्या ‘सोर्सेस’च्या फाइलमध्ये जुन्या सर्व्हरच्या जागी ‘ओल्ड रिलीजेस’चा पत्ता लिहिला की भांडार पुन्हा उघडतं.

इथे शंका येते. इतक्या वर्षांपूर्वीची पॅकेजं, मधल्या काळात कुणी त्यांत काही मिसळलं नसेल कशावरून? याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा काढलेला असतो. पॅकेजमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. हे सगळे ठसे एका यादीत असतात, त्या यादीचा ठसा रिलीज फाइलमध्ये असतो, आणि रिलीज फाइलवर डिजिटल सही असते. ती सही तपासणारी सार्वजनिक किल्ली तुमच्या संगणकात पहिल्या दिवसापासून बसलेली असते. म्हणून पॅकेज कोणत्या सर्व्हरवरून आलं, मधल्या वाटेत ते कुणाकुणाच्या हातांतून गेलं, याने फरक पडत नाही. कोपऱ्यात पडून राहिलेल्या संगणकाकडे खऱ्या-खोट्याची पारख करण्याचं साधन आधीपासून असतं.

किल्लीची तक्रार बहुधा बाहेरच्या भांडारांबाबत असते. कधीकाळी एखाद्या ब्राउझरसाठी किंवा व्हिडिओ प्लेअरसाठी आपण जोडलेली ही भांडारं. त्यांच्या किल्ल्या बदललेल्या असतात, कधी भांडारच बंद पडलेलं असतं. ती सगळी आधी बंद करावीत. अडलेल्या अपग्रेडमागे पुष्कळदा तीच असतात.

आणखी एक अडचण फार गमतीची आहे. मदरबोर्डवर घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते. संगणक वर्षानुवर्षं बंद राहिला की ती संपते. मग सुरू झाल्यावर संगणकाला आजची तारीखच ठाऊक नसते. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो भूतकाळात असतो. अशा वेळी आलेल्या यादीवरची तारीख त्याला भविष्यातली वाटते आणि ॲप्ट म्हणतं, ही फाइल अजून लागू झालेली नाही. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रंही याच कारणाने नाकारली जातात. म्हणून सगळ्यांत आधी घड्याळ पाहावं.

एवढं झालं की खरं कोडं समोर येतं. पॅकेजं एकमेकांवर अवलंबून असतात आणि काहींचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. लग्नघरात मामा म्हणतात आत्या आली तरच येईन, आत्या म्हणते काका असतील तर मी नाही, आणि काकांशिवाय तर मांडवाचं कामच होत नाही, तसलं हे प्रकरण. डेबियन १२मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. सगळ्यांच्या अटी एकाच वेळी पाळणारा संच शोधणं हा प्रश्न गणिताच्या दृष्टीने किती अवघड असावा? २००६च्या सुमारास युरोपातल्या एडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट वर्गातला आहे. अशा प्रश्नांसाठी हमखास झटपट उत्तर देणारी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही. आपण एंटर दाबतो आणि काही सेकंदांत ॲप्ट असला प्रश्न सोडवून मोकळं होतं! कधीमधी ते अडतं आणि ‘रोखलेली, मोडलेली पॅकेजं आहेत’ असं सांगतं. तेव्हा एखादं पॅकेज आपणच जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवलं आहे का, की बाहेरच्या भांडारातून आलेली एखादी फार नवी लायब्ररी वाट अडवते आहे, ते शोधायचं.

याहून मोठं आश्चर्य प्रत्यक्ष अदलाबदलीत आहे. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जी-लिब-सी या मूळ लायब्ररीवर चालतो. अपग्रेडमध्ये तीच बदलली जाते, आणि तेव्हा संगणक चालू असतो, ब्राउझर उघडा असतो, खुद्द डीपीकेजीसुद्धा तीच लायब्ररी वापरत असतो. हे जमतं कसं? डीपीकेजी नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने शेजारी लिहितो आणि मग एका झटक्यात तिला खरं नाव देतो. मधली अर्धवट अवस्था कुणालाच दिसत नाही. जुनी फाइल ज्या प्रोग्रॅमने उघडलेली आहे त्याच्यासाठी ती डिस्कवर जिवंतच राहते, फक्त तिला नाव उरत नाही. शेवटच्या प्रोग्रॅमने तिला सोडलं की ती जागा मोकळी होते. ही युनिक्सची जुनी रीत आहे, आणि चालू संगणकाचा पाया बदलण्याची सोय तिच्यामुळे झाली.

मध्येच वीज गेली तर? डीपीकेजी काम दोन टप्प्यांत करतो: आधी पॅकेज उलगडणं, मग ते कामाला जोडणं. कोणतं पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे, ते तो लिहून ठेवतो. ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ हा हुकूम सगळ्या पॅकेजांसाठी दिला की तो राहिलेलं काम उचलतो. त्यानंतर ‘ॲप्ट फिक्स-ब्रोकन’ उरलेल्या गाठी सोडवतं. ‘बूट’चं वेगळं, लहान पार्टिशन असेल तर ते जुन्या कर्नलांनी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरून जातं आणि तिथेही काम थांबतं. ‘ऑटोरिमूव्ह’ने जागा होते, आणि ज्या कर्नलवर संगणक त्या क्षणी चालू आहे त्याला ते हात लावत नाही.

वर चढायचं ते पायरीपायरीने. आपल्या उदाहरणात १९.१०वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४. पायरी गाळायची नाही, कारण प्रत्येक आवृत्तीची चाचणी तिच्या आधीच्या पायरीवरून होते.

२४.०४च्या पायरीवर एक दृश्य घाबरवतं. शेकडो लायब्ररी काढून टाकणार, असं ॲप्ट सांगतं, आणि त्यांच्या जागी तशाच नावाच्या, पण शेवटी ‘टी ६४’ लागलेल्या लायब्ररी बसवणार असतं. ही तयारी २०३८ची आहे. जुन्या ३२ बिट पद्धतीत १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजले जातात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर मावेनासा होतो. वेळेचा आकडा ६४ बिटांचा करायचा तर ३२ बिट यंत्रांसाठीच्या लायब्ररी नव्याने बांधाव्या लागल्या, आणि जुन्या-नव्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून नावंच बदलली. आपला डेस्कटॉप ६४ बिटांचा असला तरी नाव सगळीकडे सारखं ठेवल्याने हा बदल त्याच्याही वाट्याला येतो. तेव्हा ती यादी वाचून घाबरू नका. काढल्या जाणाऱ्या प्रत्येक नावाला नवा जोडीदार आहे ना, एवढं पाहा.

तुमच्याकडे असा जुना डेस्कटॉप असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याला एक मोकळी संध्याकाळ द्या. आधी ‘होम’ फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण कितीही चांगली व्यवस्था निकामी होत चाललेल्या हार्ड डिस्कपुढे हरते. मग हुकूम द्या, आणि तक्रारींची रांग लागली की शेवटची ओळ सोडून पहिली वाचा. मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.